लिस्बनच्या जुन्या वास्तू: तिकीट कुठे काढावं, कुठे नाही

लिस्बनमध्ये जुनं काय उरणार याचा निकाल १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी लागला. सर्व संतांच्या सणाचा दिवस, चर्चं भरलेली. आधी भूकंप, मग तेजो नदीतून वर चढलेल्या त्सुनामीच्या लाटा आणि त्यामागून कित्येक दिवस धुमसलेली आग. नदीकाठचा राजवाडा गेला आणि त्याच्या आवारातली 'काझा दा इंडिया', म्हणजे भारताच्या व्यापाराची सरकारी कचेरी, दप्तरासकट गेली. त्यामुळे लिस्बनच्या मध्यभागी हिंडून मध्ययुग सापडत नाही. तो भाग अठराव्या शतकातला, सरळ रेषेत आखलेला आहे. जुनं उरलं ते पश्चिमेला बेलेममध्ये, किल्ल्याच्या टेकडीवर आणि तिच्या उतारावरच्या आल्फामात. आखणी या हिशेबाने केली तर दोन भरगच्च दिवसांत मुख्य वास्तू नीट बघून होतात. 'टॉप टेन' यादी घेऊन फिरलात तर अर्धा वेळ चढउतारात आणि उरलेला रांगेत जातो.

आधी पैशांचं. पर्यटन खात्याचं 'लिस्बोआ कार्ड' २४, ४८ आणि ७२ तासांचं मिळतं. २०२५ मध्ये २४ तासांच्या कार्डाला सुमारे ३१ युरो पडत होते. त्यात बस, ट्राम, मेट्रो, सिंत्रा आणि काश्काइशच्या लोकल गाड्या येतात, शिवाय जेरोनिमोस मठ, बेलेमचा बुरूज, रुआ आउगुस्ताची कमान, सांता एंग्रासियाचं राष्ट्रीय स्मारक अशा ठिकाणी प्रवेश मिळतो. मठाचं सुटं तिकीट त्याच वर्षी १८ युरो आणि बुरुजाचं १५ होतं, म्हणजे ही दोन ठिकाणं एका दिवसात झाली तरी कार्ड वसूल. मेख अशी, की बुरूज २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद करण्यात आला. तो उघडला आहे की नाही हे कार्ड घेण्याआधी बघा. बुरूज वगळला तर हिशेब अगदी काठावर येतो आणि सुटी तिकिटं काढणंच सोपं पडतं.

कार्डाचे तास पहिल्या वापरापासून मोजले जातात, तारखेनुसार नाही. दुपारी दोनला पहिल्यांदा टेकवलंत तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत चालतं. विमानतळावर उतरल्या उतरल्या मेट्रोसाठी ते वापरणं म्हणजे संध्याकाळचे तास फुकट घालवणं. कार्ड हातात असलं तरी मठाच्या दारातली सुरक्षा तपासणीची रांग चुकत नाही. किल्ला, म्हणजे कास्तेलो दे सांव जोर्ज, मोफत यादीत नाही. सिंत्राला जाणारी गाडी कार्डात आहे, तिथले राजवाडे नाहीत. आणि सर्वात महाग पडणारी चूक सोमवारची: मठ, बुरूज, राष्ट्रीय स्मारक आणि बहुतेक सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. १ जानेवारी, ईस्टरचा रविवार, १ मे, १३ जून आणि २५ डिसेंबर हेही बंदचे दिवस. १३ जून सांत अंतोनियोचा, लिस्बनचा स्वतःचा सण. बाहेरून येणाऱ्याच्या तो लक्षातच नसतो.

कार्ड नको असेल तर मेट्रोच्या यंत्रावर अर्ध्या युरोचं 'नाव्हेगांत' नावाचं कागदी कार्ड घ्या. त्यात एकतर २४ तासांचा पास भरता येतो (सात युरोच्या आसपास) किंवा 'झॅपिंग', म्हणजे साधी शिल्लक. एका कार्डात एका वेळी यातला एकच प्रकार राहतो आणि एका कार्डावर दोघांना प्रवास करता येत नाही, म्हणून माणशी एक कार्ड घ्या. फेकू नका, पुन्हा भरता येतं. ट्राममध्ये चालकाकडून तिकीट घेतलं तर जवळपास दुप्पट मोजावे लागतात.

बेलेमला सकाळी जा, आणि ट्रामने जाऊ नका. १५ नंबरची ट्राम थेट जाते खरी, पण उन्हाळ्यात चेंगराचेंगरी असते. काइश दो सोद्रे स्थानकावरून काश्काइश मार्गाची लोकल धरा, दहा मिनिटांच्या आत पोचवते. फक्त सगळ्या थांब्यांची गाडी आहे ना हे फलकावर वाचून घ्या, कारण जलद गाड्या बेलेमला थांबत नाहीत.

जेरोनिमोस मठ ही लिस्बनमधली एकमेव वास्तू, जिच्यासाठी पूर्ण दराचं तिकीट डोळे मिटून काढावं. काम १५०१ च्या सुमाराला राजा मानुएल पहिला याने सुरू केलं आणि ते जवळपास शतकभर चाललं. पैसा आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून आला. हा कर वर्षाला सुमारे ७० किलो सोन्याइतका भरे असं सांगतात. मिरी, दालचिनी आणि लवंग यात धरलेली नव्हती, कारण त्यांचं उत्पन्न थेट राजाच्या तिजोरीत जात होतं. बोइताकाने आराखडा केला, पुढे जुआंव दे कास्तील्योने सूत्रं हाती घेतली. दगड आहे लियोश, लिस्बनच्या परिसरातला फिकट, किंचित सोनेरी झाक असलेला चुनखडक. तो बारीक कोरता येतो, आणि मानुएलाइन शैलीचं सगळं वैभव त्यावरच उभं आहे: दगडात कोरलेले दोरखंड, गाठी, पोवळी, वेली आणि जागोजागी राजाचं चिन्ह असलेला, पृथ्वीगोलासारखा दिसणारा खगोलगोल.

इथे दोन रांगा असतात आणि लोक हमखास चुकीच्या रांगेत उभे राहतात. एक रांग चर्चची, त्याला प्रवेश फुकट. दुसरी मठाच्या आतल्या चौकाची, तिला वेळ ठरवलेलं तिकीट लागतं. तिकीट आधी ऑनलाइन, सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. 'रांग चुकवा' म्हणून विकणारे मध्यस्थ बऱ्याचदा तेच तिकीट वर पाच-सात युरो लावून देतात. सकाळची पहिली वेळ मिळाली तर चौक जवळजवळ रिकामा मिळतो. साडेअकरानंतर मोठ्या बसगाड्यांतले गट येतात आणि वरच्या मजल्यावर कठड्याशी उभं राहायला जागा उरत नाही.

चौक दोन मजली. खालचा मजला पटकन उरकून वर जाऊ नका. कमानींच्या आतली जाळी प्रत्येक खणात वेगळी आहे आणि ती खालूनच नीट वाचता येते. वरच्या मजल्यावरून चर्चच्या गायनकक्षात जाता येतं आणि तिथून छताची रचना कळते. नाजूक, अष्टकोनी खांब, त्यांच्या माथ्यावर फाकणाऱ्या दगडी फासळ्या आणि पुढे आडव्या भागावरचं सुमारे १९ मीटर रुंदीचं छत, ज्याला मध्ये एकही आधार नाही. कास्तील्योने ते १५२२ मध्ये पुरं केलं आणि १७५५ च्या भूकंपातही ते टिकलं.

चर्चमध्ये पश्चिमेच्या दारातून शिरल्यावर डावीकडे वास्को द गामाची समाधी, उजवीकडे महाकवी कामोइशची. दोन्ही कोरीव पेट्या एकोणिसाव्या शतकातल्या, त्यांना सोळाव्या शतकाचं काम समजू नका. गामा १५२४ मध्ये कोचीला वारला, अवशेष पंधरा वर्षांनी पोर्तुगालला नेले आणि या मठात ते १८८० मध्ये आले. कामोइश काही काळ गोव्यात राहिला होता; त्याच्या पेटीत खरोखर त्याचेच अवशेष आहेत का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे, कारण ज्या चर्चमध्ये त्याला पुरलं होतं त्याची भूकंपात पडझड झाली. बहुतेक लोक इथेच छायाचित्रं काढून परततात. पुढे वेदीपर्यंत जा. राजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. पूर्वेच्या व्यापाराची ऐट याहून उघडपणे कुठे मांडलेली नाही.

बाहेर पडल्यावर दक्षिणेचं दार सावकाश बघा. ३२ मीटर उंच, मूर्तींनी खच्चून भरलेलं, आणि पैसे न देता. ज्यांनी जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चचं दार पाहिलं आहे त्यांना इथे ओळखीची खूण सापडेल. ते दार १५२१ च्या मूळ चर्चमधून वाचलेलं, याच मानुएलाइन घराण्यातलं, फक्त काळपट दगडातलं आणि आकाराने फार लहान. मांडवीकाठची रोझरी चर्चही याच नात्यातली. लिस्बनला जाण्याआधी ही दोन्ही एकदा डोळ्यांखालून घातली तर मठात काय बघायचं हे आपोआप कळतं.

बेलेमचा बुरूज १५१४ ते १५१९ या काळात फ्रान्सिस्को दे आरूदाने बांधला. बाहेरून अप्रतिम, आतून बेताचा. खोल्या रिकाम्या आणि वर जायला एकच अरुंद चक्री जिना, ज्यावर चढणाऱ्यांना आणि उतरणाऱ्यांना आळीपाळीने सोडतात, त्यामुळे चार मजले चढायला चाळीस मिनिटं लागू शकतात. गुडघ्यांचा त्रास असेल किंवा कडेवर मूल असेल तर आत जाऊ नका, काही चुकत नाही. बाहेरून मात्र पश्चिमेकडच्या टेहळणी बुरुजाच्या तळाशी गेंड्याचं झिजलेलं डोकं शोधा. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याने पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो दे आल्बुकेर्कला दिलेला हा प्राणी २० मे १५१५ रोजी जहाजाने लिस्बनला पोचला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती पळून गेला. पुढे गेंडा पोपला भेट म्हणून धाडला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याचं जगप्रसिद्ध चित्र नुसत्या वर्णनावरून आणि कच्च्या रेखाटनावरून काढलं. बुरुजावरचा हा गेंडा इतका झिजला आहे की दुर्बीण किंवा कॅमेऱ्याची झूम नसेल तर तो साधा दगडच वाटतो.

मठ आणि बुरूज यांच्या मधे नदीकाठी 'पाद्रांव', शोधयात्रांचं स्मारक आहे. दिसायला जुनं वाटलं तरी ते १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं होतं आणि १९६० मध्ये काँक्रीट-दगडात कायमचं केलं. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीचा हा अभिमानाचा ताबूत आहे. गामा, आल्बुकेर्क, फ्रान्सिस झेवियर सगळे एका रांगेत. गोव्याच्या माणसाला ते बघताना काय वाटावं हे ज्याचं त्याने ठरवावं. लिफ्टने वर गेलात तर फायदा एवढाच, की खालच्या फरशीतलं ५० मीटर व्यासाचं होकायंत्र पूर्ण दिसतं.

आता गावाचा मधला भाग, बाइशा. याला तिकीट नाही आणि मार्गदर्शक पुस्तकं याला अर्ध्या पानात उरकतात, पण अभियांत्रिकीची आवड असेल तर लिस्बनमधली सगळ्यात हुशार वास्तू हीच. भूकंपानंतर मंत्री पोंबालच्या हाताखाली मानुएल दा माया, एउजेनियो दुश सांतोस आणि कार्लोस मार्देल यांनी गाव नव्याने आखलं. प्रत्येक इमारतीच्या भिंतीत लाकडाचा पिंजरा: उभे, आडवे आणि तिरके वासे एकमेकांत अडकवलेले, मधली जागा दगड-चुन्याने भरलेली. जमीन हलली तर दगडी भराव गळून पडेल, पण पिंजरा डोलेल आणि मजले डोक्यावर येणार नाहीत, असा विचार. त्याच्या नमुन्याभोवती सैनिकांना कवायत करायला लावून तो हादऱ्यांना टिकतो का हे तपासलं असं सांगतात. दोन घरांच्या मधली भिंत छपराच्या वर काढली, आग पलीकडे उडी मारू नये म्हणून. जमीन गाळाची, त्यामुळे पायाखाली पाइनचे खुंट ठोकले. ते भूजलात बुडालेले राहतात तोवर कुजत नाहीत. पाण्याची पातळी खाली गेली की कुजायला लागतात, आणि आज जुन्या इमारती सांभाळणाऱ्यांची खरी काळजी तीच आहे.

हे सगळं रस्त्यावरून दिसत नाही. दिसायला रुआ दुश कोरेइरोसवर एका बँकेच्या तळघरातलं उत्खनन गाठा. प्रवेश फुकट, पण मार्गदर्शकासोबतच सोडतात आणि आधी नाव नोंदवावं लागतं. तिथे पोंबालकालीन खुंट आणि त्यांच्याखाली रोमन काळातले मासे खारवायचे हौद एकाच खड्ड्यात दिसतात. गर्दी नसते. लिस्बनमध्ये फुकट मिळणाऱ्या गोष्टींत ही पहिल्या नंबरची.

बाइशाच्या नदीकडच्या टोकाला प्रासा दो कोमेर्सियो, जिथे आधी राजवाडा होता. मधला राजा जुझे पहिल्याचा घोड्यावरचा ब्राँझचा पुतळा १७७५ चा, माशादो दे कास्त्रोचा. चौथऱ्याच्या एका बाजूला घोडा, दुसऱ्या बाजूला हत्ती आहे, तो चुकवू नका. कमानीवर लिफ्टने जाता येतं आणि कार्डात ते मोफत आहे. चौकाच्या पूर्वेला रुआ दा आल्फांदेगावर कोंसेइसांव व्हेल्या चर्च आहे. भूकंपातून तिचा मानुएलाइन दर्शनी भाग वाचला आणि तोच नव्या इमारतीला लावला. पाच मिनिटांचं काम, पैसे नाहीत.

सांता जुस्ताच्या लोखंडी लिफ्टसाठी तासभर रांग लावणं हा लिस्बनमधला सर्वात वाया जाणारा वेळ. १९०२ ची, ४५ मीटर उंचीची ही लिफ्ट रस्त्यावरून बघायला सुंदर आहे, आत मात्र काही सेकंदांचा प्रवास. शियादोमार्गे कार्मो चौकात चालत गेलं की कार्मोच्या मठाच्या कडेच्या वाटेने तिच्या वरच्या पुलाशी पोचता येतं, आणि नजारा जवळपास तोच. चालू आहे का हेही बघून घ्या. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरियाची उतारावरची केबलगाडी घसरून १६ माणसं दगावली, त्यानंतर शहरातल्या अशा सगळ्या गाड्या तपासणीसाठी थांबवल्या होत्या.

कार्मोचं मठ-चर्च १३८९ चं. १७५५ मध्ये छत कोसळलं, पुनर्बांधणी सुरू झाली, १८३४ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाल्यावर ती अर्धवट राहिली आणि मग लोकांना ते भग्नरूपच आवडू लागलं. आज उघड्या आभाळाखाली नुसत्या टोकदार कमानी उभ्या आहेत. तिकीट माफक, वसूल. रविवारी बंद, आणि पावसात जाऊ नका, कारण मुख्य भागावर छप्परच नाही. पडझडीचा दुसरा चेहरा रोसियो चौकाजवळ सांव दोमिंगोस चर्चमध्ये दिसतो: १९५९ च्या आगीत भाजून फुटलेले खांब तसेच ठेवले आहेत. प्रवेश फुकट. थोडं वर सांव रोक. बाहेरून अगदीच साधं, पण आत डाव्या हाताचं सेंट जॉन बाप्तिस्ताचं प्रार्थनालय १७४० च्या दशकात रोममध्ये बांधून, पोपकडून पवित्र करून, मग सुटे भाग करून जहाजांनी आणलं. लाजवर्द, अ‍ॅगेट, संगमरवर. जे रंगवलेलं चित्र वाटतं ते प्रत्यक्षात मोझेक आहे. यालाही तिकीट नाही.

किल्ल्याबद्दल मत स्पष्ट आहे: पंधरा युरोच्या वर मोजून पोटाला चिमटा घेण्यासारखं तिथे फार काही नाही. ११४७ मध्ये आफोंसो हेन्रिक्सने मूरांकडून घेतलेला हा किल्ला, पण आज दिसणारे तट बऱ्याच अंशी १९३८ नंतर पुन्हा उभारलेले. महाराष्ट्रात गड पाहिलेल्यांना तो नीटनेटका बगीचाच वाटेल. नजाऱ्यासाठी सेन्योरा दो मोंते किंवा ग्रासा हे माथे फुकट आहेत. सांता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांत राजवाडा असतानाचा नदीकाठ चितारला आहे, तोही बघा.

त्याच पैशात सांव व्हिसेंत दे फोरा बघून घ्या. १५८२ मध्ये नव्याने बांधायला घेतलेला मठ, आत निळ्या फरशांची रेलचेल, वर मोकळी गच्ची. जुन्या भोजनगृहात ब्रागांझा राजघराण्याच्या शवपेट्या आहेत आणि त्यांत कातरीना आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिच्या लग्नाचा करार १६६१ मध्ये झाला आणि त्यात मुंबई बेट आंदण गेलं. १६६८ मध्ये राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिलं. पाटी लहान आहे, शोधावी लागते. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर शेजारीच जुन्या वस्तूंचा बाजार भरतो.

२८ नंबरच्या ट्रामचा मोह आवरा. दुपारी ती विरार लोकलच असते, फरक इतकाच की पाकीटमारांना इथे परदेशी पासपोर्ट मिळतो. बसायचंच असेल तर सकाळी साडेआठच्या आत, किंवा कांपो दे औरिकच्या टोकाहून. १२ नंबरची ट्राम आल्फामातून छोटी फेरी मारते, डबे त्याच जुन्या बनावटीचे आणि गर्दी कमी.

बूट रबरी तळाचेच घ्या. पदपथ चुनखडक आणि काळ्या दगडाच्या चिपांचे, घासून गुळगुळीत झालेले, आणि पाऊस पडला की उतारावर पाय हमखास सटकतो. शाकाहारींसाठी मार्तिम मोनिझच्या आसपास भारतीय, बांगलादेशी, नेपाळी खानावळी आणि किराणा आहे. लुमियार भागातल्या हिंदू समाजाच्या राधाकृष्ण मंदिरात शाकाहारी भोजनगृह आहे. त्या समाजातली बरीच कुटुंबं मोझांबिकमार्गे आलेले गुजराती. बेलेमची अंड्याच्या पिवळ्या बलकाची पेस्त्री अर्थातच अंडं न खाणाऱ्यांसाठी नाही. खोली आल्फामात घ्यायची असेल तर दारापर्यंत किती पायऱ्या आहेत हे आधी विचारा, टॅक्सी तिथवर जात नाही. आणि भाड्यावर माणशी रात्रीमागे चार युरो शहर कर वेगळा पडतो, जास्तीत जास्त सात रात्रींपर्यंत. तेरा वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे.